उजव्या बाजूची शेवटची पट्टी

मॉरिशसमधल्या क्युरपीपच्या बाजारामागे सूनतूची बेकरी आहे. एवारिस्त आझोर दारात दिसला की सूनतू तराजू स्वतःहून पुढे ओढायचा. एवारिस्त पाव आधी तळहातावर तोलणार, मग नाकाशी नेणार आणि म्हणणार, "आज पीठ मारलंयस." सूनतू म्हणायचा, "मारलंय मिस्ये आझोर, खास तुमच्यासाठी मारलंय." हे तीस वर्षं चाललं होतं, आणि तीस वर्षं एवारिस्त त्याच बेकरीत जात होता, कारण दुसरा बेकरीवाला याहून मोठा चोर असणार याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बसमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा, म्हणजे पाठीमागे कुणी उरत नाही. पोस्टमन पत्रं वाफेवर धरून उघडतो, हे त्यानं केव्हाच ओळखलं होतं. पोस्टमनला वाचता येतं तरी का, असं एकदा कुणी विचारलं तर तो म्हणाला, "तेच तर. दाखवत नाही." रेडिओवर दुपारी ऊन पडेल असं सांगितलं की तो रेडिओकडे बघून हसायचा. रेडिओवाल्यांचं आणि छत्रीवाल्यांचं साटंलोटं आहे, असं त्याचं मत होतं. अंगणातल्या झाडावरचे लाल पेरू तो मोजून ठेवायचा. एखादा कमी भरला की शेजाऱ्यांच्या कुत्र्याकडेसुद्धा रोखून बघायचा.

अशा माणसाला बायको कशी मिळाली, आणि मिळाली ती टिकली कशी, असं लोक विचारत. पण खरी गंमत पुढेच आहे. नादेजच्या बाबतीत त्यानं कधी काही मोजलं नाही. ती कुठे गेली, कुणाशी बोलली, डब्यातली साखर आठवड्यात कशी संपली, चौतीस वर्षांत एक प्रश्न नाही. घराचा उंबरा ओलांडून आत आला की तो डोळे मिटून जेवणारा माणूस होता. त्याच्या संशयातून सुटलेली माणसं जगात दोनच. एक नादेज. दुसरा सिल्वेन तेलेमाक. आणि सिल्वेन काही पहिल्यापासून सुटलेला नव्हता.

एवारिस्त आणि सिल्वेन फाँगच्या कारखान्यात जहाजं बांधायचे. खेळण्यातली म्हटलं तर एवारिस्तला राग यायचा. हातभर, दोन हात लांबीची, पण खऱ्या जहाजाच्या नकाशावरून मोजून उतरवलेली लाकडी जहाजं. बरगड्या खऱ्या, फळ्या खऱ्या. पत्र्याच्या छपराखाली खिडकीशी पाच-सहा बायका बसून दोर आणि शिडं बांधायच्या. मागच्या भिंतीशी, पाणी तापवायच्या चुलीजवळ या दोघांचं टेबल होतं. त्यांचं काम एकच, सांगाड्यावर पट्ट्या चढवून जहाजाचं पोट बांधणं.

त्या कामात एक नियम आहे आणि तो मोडला की जहाज गेलंच म्हणून समजा. डावीकडे एक पट्टी लावली की लगेच उजवीकडे एक लावायची. डावीकडे दोन लावून उजवीकडे बघू म्हटलं, तर ओली पट्टी सुकताना ओढते आणि कणा केळ्यासारखा वाकतो. म्हणून मोठ्या जहाजाला समोरासमोर दोन माणसं लागतात. सांगाडा मध्ये, डावीकडे एवारिस्त, उजवीकडे सिल्वेन. पट्टी पाण्यातून काढायची, गरम नळीवर वाकवायची, डिंक लावायचा, केसाएवढे पितळी खिळे ठोकायचे आणि समोरच्याकडे बघायचं. त्याची लागली की पुढची. एकमेकांकडे न बघता हे काम होतच नाही. सगळ्या जगाचा संशय घेणाऱ्या माणसाच्या नशिबी नेमकं हेच काम आलं, त्याला कोण काय करणार!

पट्ट्या वरून खाली आणि खालून वर चढत येतात आणि शेवटी पोटाच्या मध्यावर बोटभर फट उरते. डेक आधीच बसलेलं असतं. ही फट बुजली की आतला अंधार कायमचा आत. तर ती शेवटची पट्टी बसवण्याआधी तिच्या आतल्या अंगावर पेन्सिलीनं एक नाव लिहायचं, अशी तिथली रीत होती. कुणी आईचं लिही, कुणी संतिणीचं, कुणी दूर गेलेल्या माणसाचं. त्याला पोटातलं नाव म्हणायचे. लिहिताना दुसऱ्यानं पाठ फिरवायची. दुसऱ्याचं पोटातलं वाचायचं नाही, विचारायचंही नाही. एवारिस्त प्रत्येक जहाजात नादेज लिहायचा. फक्त एका जहाजात त्यानं ते लिहिलं नव्हतं.

त्या जहाजाचं नाव 'सिरेन'. साल एकोणनव्वद. एवारिस्तचा धाकटा भाऊ देझिरे तेव्हा त्याच कारखान्यात डोलकाठ्या घासायचा. हात सोन्यासारखे, पण डोक्यात भलतंच. 'सिरेन'चे नकाशे म्हाताऱ्या मिस्ये फाँगनी दोन वर्षं खपून काढले होते. ते देझिरेनं उचलले. उतारावरच्या दुसऱ्या कारखान्याला द्यायचे ठरवून ती गुंडाळी त्यानं भावाच्याच घरी, भावाच्याच पलंगाखाली ठेवली. एवारिस्तला कळलं तेव्हा त्यानं भावाला कानफटात मारली. सोमवारी सकाळी गुपचूप परत ठेवून ये म्हणाला. देझिरे रडला, ठेवतो म्हणाला. जीव हलका करायला म्हणून एवारिस्तनं शनिवारी चहाच्या वेळी ही गोष्ट सिल्वेनला सांगितली. आणि सोमवार उजाडायच्या आत गुंडाळी मिस्ये फाँगच्या टेबलावर होती, आणि देझिरेला दारातूनच परत पाठवलं.

कुणीतरी सांगितलं होतं. माहीत कुणाला होतं? देझिरेला, एवारिस्तला आणि सिल्वेनला. नादेजला होतं म्हणा, पलंग तिचाच होता. पण बायकोला कुणी त्या यादीत धरतं का?

देझिरे मासेमारीच्या जहाजावर चढून शेजारच्या रेयुनियों बेटावर गेला, तिथून फ्रान्सला, मार्सेलला. दोन नाताळांना दोन कार्डं आली. मग तीही बंद झाली.

एवारिस्त तोंडानं एक शब्द बोलला नाही. 'सिरेन'चं पोट दोघांनी समोरासमोर बसून बांधलं, आणि शेवटच्या दिवशी, सिल्वेननं पाठ फिरवलेली असताना, एवारिस्तनं आपल्या पट्टीच्या आतल्या अंगावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सिल्वेन तेलेमाकनं माझ्या भावाला विकलं.' खाली सही केली, पट्टी बसवली, खिळे ठोकले आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी सिल्वेननं उजवी बाजू बंद केली. जहाज जर्मनीला गेलं.

त्यानंतर त्यानं सिल्वेनवर जी नजर ठेवली, ती पोलिसांनीसुद्धा ठेवली नसती. सिल्वेन रोज दहा वाजता दोन पेले चहा करायचा आणि एक त्याच्यापुढे ठेवायचा. एवारिस्त आधी सिल्वेनला पिऊ द्यायचा, मग स्वतः प्यायचा. सिल्वेनला हे दिसायचं. तो मोठ्यानं फुरका मारायचा, म्हणजे प्यायल्याचं लक्षात यावं. अशी बारा वर्षं गेली. मग एका सकाळी एवारिस्तच्या ध्यानात आलं की आज आपण चहा आधी प्यायलो. किती दिवसांपासून आधी पितोय, तेही आठवेना. त्या दिवशी त्याला त्या ओळीची पहिल्यांदा लाज वाटली. पण जर्मनी लांब आहे, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

आणि 'सिरेन' गेल्यापासून सत्तावीस वर्षांनी, जुलैतल्या एका सोमवारी, भुरभुर पावसात भिजलेली एक पेटी कारखान्याच्या दारात उतरली. मिस्ये फाँग वारले होते. कारखाना आता त्यांची मुलगी, मामझेल जोसलीन, बघायची. तिनं झाकण काढलं, भुसा बाजूला केला आणि एवारिस्तच्या पायाखालची जमीन सरकली. जहाजाच्या पुढच्या टोकावरची ती मासळीच्या शेपटीची बाई त्यानं लगेच ओळखली.

"हीटरशेजारी ठेवलं होतं म्हणे," जोसलीन म्हणाली. "लाकूड आटलंय. डाव्या बाजूचे सांधे सगळे उघडलेत बघा. पोटातली पट्टी तर हलतेय."

"डावी म्हणजे आझोरची!" खिडकीशी बसलेली फिलोमेन ओरडली. फिलोमेन दोर बांधणाऱ्या बायकांची म्होरकी, आणि तिचं तोंड हातापेक्षा जलद चालायचं. "काय हो, डिंकात पाणी कुणी घातलं ते शोधा आता! महिनाभराची सोय झाली तुमची."

बायका खिदळल्या. एवारिस्त हसला नाही. तो म्हणाला, "माझी बाजू आहे. मीच करतो."

"तुम्ही ते मोठं फ्रिगेट पुरं करा," जोसलीन म्हणाली. "हे सिल्वेनदादा करतील. महिनाअखेरीस निघालेत ते, नवं काही हातात घेण्यापेक्षा हे बरं."

सिल्वेन निवृत्त होऊन रॉद्रिग बेटावर मुलीकडे राहायला जाणार होता. तो नुसता जहाजाकडे बघत राहिला. एवारिस्तला ते बघणंही खटकलं. आणि जोसलीननं मुद्दाम सिल्वेनलाच का दिलं? म्हाताऱ्यानं मरताना तिला काही सांगून ठेवलं होतं का? दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात कट शिजून तयार होता.

पण कटाखाली साधी भीती होती. सिल्वेन ती हलणारी पट्टी काढणार, उलटी करणार आणि वाचणार. चाळीस वर्षं समोर बसलेला माणूस, ज्यानं याच्या पायाला प्लॅस्टर होतं तेव्हा दोन महिने रोज घरी येऊन दाढी करून दिली, तो हे वाचून बोटीत चढणार. त्यानंतर चहाचा पेला पुढे करणारं कुणी उरणार नव्हतं. बासष्टाव्या वर्षी नवा मित्र कोण देतो, आणि तोही असल्या संशयी माणसाला?

मुलगा नोकरीसाठी परदेशी होता, घरी दोघंच असायचे. जेवताना तो म्हणाला, "'सिरेन' परत आलंय."

नादेजचा डाव भांड्यातच थांबला. "कुठलं?"

"देझिरेच्या वेळचं. पोट फाटलंय त्याचं."

"मग? उघडणार?"

"उघडावं लागेलच."

ती पाठमोरी झाली आणि कधीच उकळून झालेली डाळ पुन्हा ढवळू लागली. कुत्र्यांवर संशय घेणाऱ्या एवारिस्तला त्यात काही दिसलं नाही. तो डोळे मिटून जेवला.

मंगळवारी त्यानं फ्रिगेटची एक पट्टी उलटी वाकवली, कारण डोळे समोरच्या टेबलावर होते. सिल्वेननं 'सिरेन' जहाज ठेवायच्या लाकडी पाळण्यात आडवं ठेवलं होतं, पण डावी बाजू खाली आणि उजवी वर. काचेच्या तुकड्यानं तो उजव्या बाजूचं व्हार्निश खरवडत होता. उजवी बाजू तर धडधाकट होती! तिथे एक केसाएवढी भेग नव्हती.

"उजवीकडे काय झालंय?" एवारिस्तनं विचारलं.

"काही नाही. बघतोय."

"डावी फुटलीय."

"दिसतंय मला, मातलो. चष्मा नवा आहे."

तिथे सगळेच एकमेकांना मातलो म्हणतात, म्हणजे खलाशी, पण सिल्वेनच्या तोंडी त्या शब्दात एरवी जी माया असायची ती त्या दिवशी नव्हती. किंवा एवारिस्तला ऐकू आली नाही. एवढं मात्र खरं की तो जवळ गेला की सिल्वेन फडकं पुढे ओढून जहाज झाकायचा.

बुधवारी एवारिस्तनं ठरवलं, कारखाना उघडायच्या वेळेलाच जायचं आणि सिल्वेन यायच्या आत ती हलती पट्टी काढून घासून टाकायची. पाच मिनिटांचं काम. तो साडेसहाच्या बसनं पोचला. दार उघडं, चूल पेटलेली, आणि सिल्वेन टेबलाशी वाकलेला. त्याच्या हातात चिमटा होता. उजव्या बाजूच्या पोटातल्या पट्टीचे खिळे तो एकेक करून उपटत होता. डाव्या नव्हे, उजव्या! शेजारी टॉर्च.

"लवकर आलास," सिल्वेन चिमटा फडक्याखाली सरकवत म्हणाला.

"तूही."

"झोप येत नाही हल्ली."

"मलाही."

दोघं चहा प्यायले. एवारिस्तनं पंधरा वर्षांनंतर सिल्वेनला आधी पिऊ दिलं. सिल्वेननं ते पाहिलं, पेला तोंडाला लावला, पण या वेळी फुरका मारला नाही.

मग एवारिस्तचं डोकं असं फिरू लागलं. याला उजव्या बाजूतून काहीतरी काढायचंय. एकोणनव्वद साली शेवटी बंद झाली ती उजवी बाजू, माझ्यानंतर त्यानं एकट्यानं बंद केली. तेव्हा यानं आत काय ठेवलं? नकाशांबद्दल उतारावरच्यांनी याला काही दिलं होतं का? म्हणजे माझा पहिला संशयच खरा होता? बारा वर्षं ज्याच्यावर पाळत ठेवली आणि पंधरा वर्षं ज्याला भाऊ मानलं, तो खरोखरच चोर? लाजेनं आंबलेल्या मनाला हा विचार बरा वाटला, हे कबूल केलं पाहिजे. समोरचा दोषी ठरला की आपली ओळ खरी ठरते. खरी ठरली की लाज नको.

शुक्रवारी रेडिओनं ऊन सांगितलं आणि नवल म्हणजे ऊन पडलं. दुपारी फिलोमेन आणि बाकीच्या बायका डबे घेऊन बाहेर भिंतीशी जाऊन बसल्या. आत दोघंच राहिले. एवारिस्त उठला आणि 'सिरेन'च्या डाव्या बाजूला, आपल्या जुन्या जागी, जाऊन उभा राहिला.

"उजवीकडे काय आहे, सिल्वेन?"

"काही नाही."

"चार दिवस खरवडतोयस. खिळे उपटतोयस. आणि म्हणे काही नाही. काय लपवलंयस आत?"

सिल्वेननं चष्मा काढून शर्टाला पुसला. "डावीकडे काय आहे, ते मी तुला विचारलं का?"

एवारिस्तच्या तोंडचं पाणी पळालं. "तुला माहितेय?"

"तेव्हा उजवी बंद करताना माझा एक खिळा आत पडला होता. टॉर्च लावून फटीतून बघत होतो. समोर तुझी पट्टी. तुझं अक्षर मोठं आहे, बाबा. नको म्हटलं तरी वाचलं गेलं."

पट्टीच्या आतल्या अंगावर लिहिलं म्हणजे ते समोरच्या फटीकडे तोंड करून बसतं, एवढी साधी गोष्ट! जगातल्या यच्चयावत फटींवर पहारा देणारा हा माणूस, समोरची बाजू अजून उघडी आहे हेच विसरला होता. डोक्यात भाऊ होता, दुसरं काय.

"सत्तावीस वर्षं? आणि एक शब्द बोलला नाहीस?"

"दुसऱ्याचं पोटातलं वाचायचं नसतं. चुकून वाचलंच, तर बोलायचं नसतं."

"आणि तरी रोज चहा दिलास?"

"तू आधी मला प्यायला लावायचास. मजा यायची."

एवारिस्तच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर तो तिथेच सुटला होता. ज्याची भीती होती ते सत्तावीस वर्षांपूर्वीच घडून गेलं होतं आणि माणूस तरी समोर होता. सिल्वेनही म्हणाला, "ऐक माझं. दोन्ही पट्ट्या आहेत तशा राहू दे. माझे खिळे मी परत ठोकतो. तुझ्या फटींत बारीक पाचरी भरू, घासू, व्हार्निश मारू. जहाज जाईल, मी जाईन. आत काय आहे ते आतच बरं."

दुसरा कुणी असता तर त्यानं हात पुढे केला असता. पण आमच्या एवारिस्तच्या मनात पाल चुकचुकली. माझी ओळ याला ठाऊक होती, मग हा उजवी पट्टी कशासाठी सोडवत होता?

"माझं तू वाचलंस," तो म्हणाला. "तुझं काय आहे?"

"माझं पोटातलं आहे. विचारू नकोस."

"देझिरेबद्दल आहे?"

"एवारिस्त, पाया पडतो तुझ्या. सोड."

तिथे एवढ्या सहज कुणी कुणाच्या पाया पडत नाही.

एवारिस्तनं जहाज पाळण्यात उभं केलं, डावीकडची हलणारी पट्टी दोन बोटांत धरली आणि खेचली. सत्तावीस वर्षांचे खिळे कुरकुरत बाहेर आले. आपली ओळ त्यानं बघितलीही नाही. टॉर्च उचलला, फटीला डोळा लावला. बरगड्यांच्या पलीकडे, धुळीच्या पडद्याआड, सिल्वेनचं बारीक, नीटनेटकं अक्षर होतं. त्याच्या ओळीच्या अगदी समोर.

'मी नाही. पण तुला संशय घ्यायचाच असेल तर माझाच घे. घरात नको.'

त्यानं ते तीनदा वाचलं. मग टॉर्च विझवला. चौथं माणूस, ज्याला त्यानं कधी यादीत धरलंच नव्हतं, ते यादीत एकटं उभं होतं.

"नादेज," तो म्हणाला.

सिल्वेननं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "रविवारी सकाळी इथे आली होती. मी भुसा टाकायला आलो होतो म्हणून दिसली. पोटुशी होती, सातवा लागलेला. गुंडाळी शालीखाली, सोबत देझिरेचं नाव लिहिलेली चिठ्ठी. मला बघून खालीच बसली. म्हणाली, देझिरे सोमवारी ठेवणार नाही, त्यानं माणूस ठरवलाय. पोलीस आले तर पलंग आमचा आहे, नवरा माझा जाईल. दीर गेला तर मी सोसेन, म्हणाली, नवरा गेला तर काय करू?"

"आणि तुला गप्प राहायला सांगितलं."

"सांगावं लागलं नाही."

"मी तुझ्यावर बारा वर्षं..."

"माझ्याकडे तू कारखान्यापुरताच तसा बघायचास. ती तुझ्याबरोबर घरात राहते. तुझ्या त्या नजरेखाली ती एक वर्ष तगली नसती." सिल्वेननं चिमटा बाजूला सारला. "म्हणून काढायला बघत होतो. चार दिवसांत जमलं नाही. तेव्हाचा डिंक चांगला होता."

बाहेर बायका हसत होत्या. एवारिस्तला राग आला होता, खूप आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. भाऊ गेला तो गेलाच. शेवटी त्यानं पॉलिश पेपर घेतला, आपली पट्टी टेबलावर उलटी ठेवली आणि घासायला लागला. आधी सही गेली, मग भाऊ, मग सिल्वेनचं नाव. पट्टी कोरी झाली.

"माझीही काढू?" सिल्वेननं विचारलं.

"राहू दे. खिळे ठोक तिचे."

दोघं आपापल्या बाजूला बसले. खिडकीशी बायका परत आल्या, फिलोमेनची बडबड सुरू झाली. सांध्यांत पाचरी बसल्या, एक डावीकडे, मग सिल्वेनचा एक खिळा उजवीकडे, जुन्या नियमानं. शेवटी ती कोरी पट्टी उरली. एवारिस्तनं कानावरची पेन्सिल काढली. सिल्वेननं रीतीप्रमाणे पाठ फिरवली. तीन अक्षरांचं नाव लिहायला एवारिस्तला एरवी जेवढा वेळ लागायचा, त्याच्या कितीतरी पट लागला. दोनदा त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग त्यानं नादेजच लिहिलं, डिंक लावला आणि पट्टी बसवली.

संध्याकाळी तो ओ-कुलेच्या थांब्यावर उतरला आणि आपल्या घरावरून तसाच पुढे गेला. गल्लीच्या टोकाला जाऊन परत फिरला, पुन्हा पुढे गेला. चौतीस वर्षांत न विचारलेले प्रश्न एकदम तोंडाशी आले होते. तू रविवारी चर्चला म्हणून गेलीस ना? देझिरेची कार्डं आली तेव्हा भिंतीवर तूच लावलीस ना? आई शेवटपर्यंत त्याची वाट बघत होती, तेव्हा तू तिचे पाय चेपत होतीस ना? या एकाच बाबतीत त्याच्यापाशी पुरावा होता. आयुष्यभर जे तो पाववाल्याकडे, पोस्टमनकडे, कुत्र्याकडे शोधत होता, ते त्याला सापडलं होतं, आणि ते हातात धरून घरात शिरायची त्याला भीती वाटत होती.

तिसऱ्या फेरीला नादेज दारात उभी दिसली. तो आत गेला.

टेबलावर खारवलेल्या माशाची, टोमॅटोच्या रश्शातली रुगाय होती, डाळ होती, पाव होता. ती समोर बसली, पण तिनं स्वतःला वाढून घेतलं नाही.

"झालं ते जहाज?"

"झालं."

"उघडलं?"

"उघडलं."

तिचे हात मांडीवर एकमेकांत अडकले होते. तो आज डोळे उघडे ठेवून जेवत होता, त्यामुळे त्याला ते दिसलं. या हातांनी सोमवारपासून डाळ करपवली होती, तेही आत्ता आठवलं. ती किती म्हातारी झाली होती! सत्तावीस वर्षं ती हा प्रश्न ऐकायला तयार होऊन बसली होती आणि तो आलाच नव्हता.

"विचार ना," ती अगदी हळू म्हणाली. "तुला जे विचारायचंय ते विचार."

एवारिस्तनं पावाचा तुकडा तोडला. तळहातावर घेऊन तोलला. नाकाशी नेला.

"हलका लागतोय," तो म्हणाला. "सूनतूनं आज पीठ मारलंय."

नादेज त्याच्याकडे बघत राहिली. "सूनतूचा नाही," ती म्हणाली. "पाव आज मी घरी भाजलाय."

त्यानं तुकडा पुन्हा तळहातावर तोलला.

"मग पीठवाल्यानं मारलं असणार," एवारिस्त म्हणाला, आणि उरलेला अर्धा पाव त्यानं तिच्या ताटात ठेवला.